अकरावं इरलं

तानीने सही केली नाही तेव्हा रुचिकाला आधी वाटलं, पेन अडलं असेल. तिने पर्समधून दुसरं काढून दिलं. तानीने ते घेतलं, टोपण काढलं, परत बसवलं आणि पेन कागदावर आडवं ठेवून दिलं.

"तिसरं वाक्य परत वाच," ती बोलली.

गंजाडच्या पुढे, ओहळापलीकडच्या पाड्यावर, समाजमंदिरात पंधरा-सोळा बाया ओल्या लुगड्यांनी बसल्या होत्या. पायांवरचा चिखल तसाच वाळलेला. रविवार होता, पण आवणीला, भाताच्या लावणीला, कुठला आलाय रविवार! पावसाने मध्ये पंधरा दिवस दडी मारली आणि आला तो असा आला की खाचरं दोन दिवसांत भरली. तोवर रोपांचा राब वाढून गेला होता. रोपं आठ दिवसांत उपटून लावली नाहीत तर ती पिवळी पडणार आणि वर्षाचं भात हातचं जाणार. अशात तासभर काढून या बाया आल्या, कारण डहाणूच्या संस्थेची ही पोरगी चांगली होती. बसायला सतरंजी मागत नसे आणि काळा चहा तोंड वाकडं न करता पीत असे.

महिन्यापूर्वी ती येऊन सांगून गेली होती. बाळंतपणानंतर बाईच्या तब्येतीची काळजी कशी घ्यायची, याचे नियम सगळ्या जगासाठी ठरतायत. परदेशात मोठी सभा आहे. त्याआधी ते लोक देशोदेशींच्या बायकांना विचारतायत, तुमचं म्हणणं काय. डहाणू-तलासरीतून एक कागद जाणार. बाया बोलल्या, तिने लिहून घेतलं. आज तेच टाइप करून, वाचून दाखवून, खाली सह्या-अंगठे घ्यायला ती आली होती.

रुचिकाने कागद उचलला. "ग्रामीण महिलांना बाळंतपणानंतरच्या विश्रांतीचे महत्त्व माहीत नसल्यामुळे त्या लवकर शेतकामास सुरुवात करतात. त्यासाठी व्यापक जनजागृतीची गरज आहे."

"हे कोण बोललं?"

"तुम्हीच, मावशी. म्हणजे सगळ्यांनी मिळून..."

"मी बोलली होती, बारा दिवसांची बाळंतीण असताना मी आवणीला उतरली. एवढंच बोलली होती. मला माहीत नव्हतं, असं कधी बोलली?"

रुचिका खालच्या आवाजात म्हणाली, "मी तुमचं होतं तसंच लिहून दिलं होतं. मुंबईच्या मॅडमनी सगळ्या गावांचं एकत्र करून असं केलं."

"तुझ्या मॅडमला वाटतं आम्ही येड्या हाव." तानीचा आवाज चढला. "अगे, गाय व्याली तर तिलासुद्धा आम्ही नांगराच्या बैलाजवळ बांधत नाय. आम्हाला माहीत नाय होय?"

बाया हसल्या. रुचिका हसली नाही. "मावशी, गुरुवारी संध्याकाळी पाचला हा कागद वर पाठवायचाय. सह्या नसल्या तर आपल्या भागाचं म्हणणंच जाणार नाही. पण वाक्य चुकलं असेल तर बरोबर काय ते सांगा. मी बदलते. मॅडमचं मी बघून घेईन."

"लिही मंग. बाईला सगळं कळतं, पण..."

"पण काय?"

आणि इथे तानीची जीभ अडली. बायांनी एकमेकींकडे पाहिलं नाही, सगळ्यांनी हिरीबायकडे पाहिलं.

हिरीबाय खांबाला टेकून, पाय लांब करून बसली होती. पाड्याची सावड ती चालवायची. आवणीला मजूर लावायची ऐपत कोणाच्यात नव्हती, म्हणून सहा घरांच्या बाया मिळून एकेकीचं खाचर लावायच्या. ज्या घरातून जितक्या बाया येतील, तितक्या प्रत्येक घराने त्या घराला परत द्यायच्या. सकाळी बाया आपापली इरली बांधावर ओळीने ठेवत. बांबूच्या कामट्यांची, पळसाच्या पानांची, अलीकडे वरून निळं प्लास्टिक ताणलेली ती पावसाची टोपरी. हिरीबाय हातातल्या काठीने एकेका इरल्याला टोचून मोजायची. तिने मोजलं ते खरं. इरलं कमी पडलं तर घर कमी पडलं. कोणाला ताप असो, कोणाचं मढं असो, कोणी बाळंतीण असो.

"घरचं घरात ठेवायचं," हिरीबाय बोलली. "जगाला कशाला आपली सावड दाखवायची? तानी, सही कर आणि चल. राब उपटायचा पडलाय."

"सही नाय करत," तानी म्हणाली आणि उठली. तिच्यामागे आणखी दहा-बारा उठल्या. रुचिकाच्या कागदावर त्या दिवशी चार अंगठे उठले, तेही हिरीबायच्या भावकीतले.

तानी घरी आली तेव्हा तिचा नवरा धाकल्या ओटीवर बसून कुदळीला दांडा ठोकत होता. आत सून प्रगती चुलीपुढे सुकट भाजत होती. तिचं बाळ झोळीत होतं, एकवीस दिवसांचं. बाळाचा बाप, नविन, तलासरीच्या हायवेवरच्या कंपनीत पाळीवर गेलेला.

"उद्या हिरीबायच्या खाचरात जायचं," धाकल्या म्हणाला. "दोघींनी."

"एकीनं."

"येडी झालीस? आपलं घर दोन इरल्यांचं हाय. तू एकटी गेली तर आपल्याकडे पण एकेकच येईल. खालची तीन खाचरं अजून तशीच पडलीत. राब बघितलास? कमरेला लागायला आलाय."

"जाते ना मी," प्रगती आतून म्हणाली. "उभी तर राहते, आई. वाकायला थोडं जड जातंय एवढंच."

तानी तिथेच उंबऱ्यात बसली. तिने लुगड्याचा कासोटा सैल केला आणि परत आवळला, रोज दहादा आवळायची तसा. नविन बारा दिवसांचा होता तेव्हा सासूने तिचं इरलं उचलून हातात दिलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी राबाची मूठ उपटताना खाली काहीतरी सरकलं. दुखलं असं नाही. सरकलं. संध्याकाळी तिने आंघोळ करताना हात लावून पाहिलं तर अंग बाहेर आलेलं. चोवीस वर्षं झाली. फडक्याची घट्ट घडी, त्यावर कासोटा, त्यावर दिवसभराचं काम. चिकूच्या दिवसांत घोलवडला वाडीत करंड्या उचलायची तेव्हा तर उकिडवं बसून आधी हाताने आत ढकलायचं आणि मग करंडी डोक्यावर घ्यायची. एकदा दवाखान्यात गेली तर तिथल्या बाईने विचारलं, इतकी वर्षं काय करत होतीस? काय करत होते! आवणी करत होते, कापणी करत होते, तुझ्या घरी जाणारे चिकू उचलत होते.

"धाकल्या," ती म्हणाली, "मी बसते कशी, बघितलंस तू कधी?"

त्याने मान वर केली नाही. "बघितलं."

"का ते माहीत हाय तुला?"

"हाय."

"आणि कधी बोलला नायस."

"काय बोलायचं त्यात?" तो दांड्यावर हातोडा मारत राहिला. "पाड्यावर निम्म्या बायांचं असंच असतं."

"असतंच ना! मंग ऐक. हिचं होणार नाय. सव्वा महिना ही पोरगी चिखलात पाय घालणार नाय. खालची खाचरं पडली तर पडली. आणि हिचं इरलं उद्या बांधावर जाणार. मोजायला."

"माणसाशिवाय इरलं?" धाकल्याने आता वर पाहिलं. "हिरीबाय तुझ्या डोक्यात काठी घालील."

"घालू दे. डोकं माझं हाय."

प्रगती तवा हातात धरून दारात उभी होती. तिला रडू आलं, पण रडायला सासूने वेळ दिला नाही. "सुकट करपली बघ," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी रिपरिप चालू होती. हिरीबायच्या खाचरात तिचा मुलगा चिखलणी करून बाजूला झालेला. तानीने बांधावर आपलं इरलं ठेवलं आणि त्याला लागून दुसरं. प्रगतीचं इरलं नवं होतं, लग्नात माहेरून आलेलं, कडेला लाल दोरा ओवलेला. ते सगळ्यांच्या नजरेत भरलं.

हिरीबाय काठी टोचत आली. "...नऊ, दहा, अकरा." मग तिने बाया मोजल्या. "दहा. हे कोणाचं?"

"प्रगतीचं."

"प्रगती कुठाय?"

"घरी. पोराला पाजते."

"मंग हे काय रोपं लावणार?"

बाया फिसकन हसल्या. पुष्पाने तोंडाला पदर लावला. पुष्पा तानीची शेजारीण, तोंडाने तिखट, पण हिरीबायपुढे तिचंही चालत नसे.

"लावणार नाय," तानी म्हणाली. "पण मोजायचं. बावीस दिवसांची बाळंतीण हाय ती. सव्वा महिना तिचं इरलं येईल आणि सव्वा महिना तू ते मोजायचं."

"बरं. तिच्या वाट्याची पात तू धर. दोन पाती धर, मी दोन मोजते."

"नाय धरणार."

हिरीबायची काठी हवेतच थांबली.

"दोन पाती मी धरल्या तर ते माझे कष्ट झाले," तानी म्हणाली. "उद्या दुसरीची सून बाळंत झाली तर तिच्या सासूने मोडायचं का? आणि जिला सासूच नाय, तिनं? तिचा वाटा सगळ्यांनी मिळून उचलायचा. दहा जणींत एक पात वाटली तर कोणाच्या अंगावर किती येते? चार मुठी जास्त."

"कायदा शिकवते मला!" हिरीबायने काठीचं टोक इरल्याखाली घातलं आणि ते उलटं करून ओहळाच्या बाजूला भिरकावलं. लाल दोऱ्याचं इरलं चिखलात उताणं पडलं. पाऊस त्यात साचायला लागला.

कोणी हसलं नाही. तानीच्या तोंडावर रक्त चढलं. ती बांध उतरून गेली, इरलं उचललं, पाणी ओतलं, पदराने आतला चिखल पुसला आणि परत आपल्या इरल्याशेजारी ठेवलं.

"एकदा टाकलंस, मी एकदा उचललं," ती म्हणाली. "किती वेळा टाकतेस ते बघू."

"तुझं घर सावडीतून बाद. तुझ्या खाचरात उद्यापास्नं एक बाई येणार नाय."

"नको येऊ दे."

असं म्हणून ती खाचरात उतरली आणि दिवसभर हिरीबायचंच भात लावलं. पुष्पाने हळूच विचारलं, बाद केलं तर लावतेस कशाला? तानी म्हणाली, "तिच्या दोघी सुना माझ्या वरच्या खाचरात येऊन गेल्यात. त्यांचं मी फेडते. तिच्यासारखं अर्ध्यात टाकून जायला मी काय हिरीबाय हाय?"

मंगळवारी तानी आणि धाकल्या दोघंच आपल्या खाचरात होते. आवणी करणारा बाप्या बघून ओहळावरून जाणाऱ्या पोरी खिदळल्या. धाकल्या चिडून म्हणाला, "हसा. तुमच्या बापांना इथं येऊन बघा म्हणावं, कंबर कुठं असते ते कळेल." त्याच्या ओळी वाकड्या येत होत्या, रोपं तरंगून वर येत होती. तानी त्याच्या मागून ती परत दाबायची. दुपारपर्यंत तिचं ओटीपोट दगडासारखं झालं. दोनदा ती बांधाआड जाऊन आली. संध्याकाळी मोजलं तर निम्मं खाचरसुद्धा झालं नव्हतं, आणि उपटलेला राब पाण्यात पिवळा पडत होता.

"मोडलं म्हणून सांगू का हिरीबायला?" धाकल्याने विचारलं. वाईट वाटून विचारलं, टोचून नाही.

"सांग. माझी कंबर मोडली म्हणून सांग. बोलणं नाय मोडलं."

बांधावर दोन इरली होती. ती तानीने रोज ठेवलीच.

बुधवारी सकाळी बांधावर तिसरं आलं. हिरीबायची थोरली सून संगिता, पाचव्या महिन्याचं पोट पुढे घेऊन, एकही शब्द न बोलता खाचरात उतरली.

"अगे, सासू जीव घेईल तुझा," तानी म्हणाली.

"माझे दिवस दिवाळीच्या पुढं भरतात," संगिता रोप दाबत म्हणाली. "ऐन कापणीत. तेव्हा माझा विळा कोण मोजणार, सांग? आज तुझ्या सुनेचं इरलं मोजलं नाय तर माझा विळा कोणी मोजत नाय. मी माझ्यापायी आलीय, तुझ्यापायी नाय." आणि मग हसून, "पण तू सरळ उभी राहा थोडी. तोंड पांढरं पडलंय तुझं."

दुपारी पुष्पा आली. तिने आल्याबरोबर जाहीर केलं की तिला कोणाचं काही पडलेलं नाही, घरी सासरा फार खोकतो म्हणून बाहेर पडली. मग सावडीतली जिजा आली. संध्याकाळी तानीने पाहिलं, पहिलं खाचर पुरं झालं होतं.

गुरुवारी रुचिका छत्री आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन बांधावर उभी राहिली तेव्हा तीन वाजले होते. पाचला दोनच तास. पाड्यावर रेंज नाही. कागद पाठवायला गंजाडच्या नाक्यापर्यंत जायला हवं.

"मावशी, सांगा. काय लिहू?"

तानी चिखलातच उभी राहून बोलली. चार दिवस तिने दुसरं केलं काय होतं? रोपागणिक तेच घोळवलं होतं. "लिही. आम्हाला सगळं कळतं. पण काम थांबत नाय आणि बाळंतिणीची जागा कोणी भरत नाय, म्हणून बाई चिखलात उतरते आणि तिचं अंग बाहेर येतं. शिकवायला माणसं पाठवू नका. सव्वा महिना ती आली नाय तरी ती आली असं धरा. शेतात धरा, कंपनीत धरा, जिथं बाई राबते तिथं धरा. आमच्या पाड्यावर बाळंतिणीचं इरलं मोजतात."

रुचिकाचं पेन थांबलं. "शेवटचं खरं आहे का मावशी? खोटं मला नाही लिहिता येणार. जगभरातले लोक वाचणार आहेत."

तानीने बांधाकडे पाहिलं. पाच इरली. "माझ्या बांधावर मोजतात," ती म्हणाली. "एका बांधावर. तेवढंच लिही."

तेवढ्यात संगिताने तिला कोपर मारलं. ओहळ ओलांडून हिरीबाय येत होती. काठी टेकत, पाय फाकवून, थांबत थांबत. मागे तिची धाकटी सून भिकी आणि सावडीतल्या बाकीच्या बाया. तानीने कासोटा आवळला. आता होऊन जाऊ दे.

हिरीबायने संगिताकडे ढुंकून पाहिलं नाही. ती रुचिकापुढे येऊन उभी राहिली. "काय लिहिलंय ते वाच. आधीचं पण वाच. त्या दिवशी माझं अर्धं लक्ष नव्हतं."

रुचिकाने आधीचं वाक्य वाचलं. विश्रांतीचे महत्त्व माहीत नसल्यामुळे. मग आत्ता वहीत उतरवलेलं तानीचं वाचलं.

पाऊस हिरीबायच्या चेहऱ्यावरून ओघळत होता. तिचं इरलं खांद्यावर तसंच लटकत होतं, डोक्यावर घ्यायचं राहून गेलं होतं.

"माझी पहिली पोरगी झाली," ती म्हणाली, "आठव्या दिवशी मी उतरली. आठव्या. पोरगी बांधावर इरल्याखाली ठेवलेली. रडून रडून गप झाली, मला वाटलं झोपली." ती थांबली. "सावड माझी सासू मोजायची तेव्हा. मला काय माहीत नव्हतं, बाय? सांग ना, काय माहीत नव्हतं?"

रुचिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मान हलवली.

"मी वाकत नाय ते लोकांना वाटतं, म्हातारीला मान पाहिजे, म्हणून काठी घेऊन फिरते. मला उकिडवं बसताच येत नाय पंधरा वर्षं." हिरीबायचा आवाज एकाएकी चिडका झाला, नेहमीसारखा. "तुझ्या त्या मॅडमला सांग, आठव्या दिवशी इथं येऊन उभी राहा म्हणावं या चिखलात. मंग कोणाला काय माहीत नाय ते लिही. खोड ते. माझ्यासमोर खोड."

रुचिकाने कागद छत्रीखाली गुडघ्यावर ठेवला आणि तिसऱ्या वाक्यावर आडवी रेघ मारली. वर तानीचं लिहिलं. 'एका बांधावर' इथपर्यंत आली तेव्हा हिरीबायने काठी आपटली.

"एका कशाला? सावड काय एका बांधाची हाय?"

तानी तिच्याकडे बघत राहिली. तिला खूप काही बोलायचं होतं, उताण्या पडलेल्या इरल्याचंसुद्धा बोलायचं होतं. पण साडेतीन वाजले होते. "कागद दे इकडे," ती रुचिकाला म्हणाली आणि ओल्या हाताने, चौथीच्या वर्गात शिकलेल्या अक्षरात, सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग संगिता, मग पुष्पा, मग भिकी. ज्यांना सही येत नव्हती त्यांना शाईची गरज पडली नाही. चिखलाचे अंगठे कागदावर असे उठले की रेषा न् रेषा दिसत होती. रुचिका म्हणाली, हे चालतं की नाही कोण जाणे. पुष्पा म्हणाली, "न चालायला काय झालं? त्यांना बायांचं म्हणणं पाहिजे ना? बाया अशाच असतात."

रुचिका कागद छातीशी धरून नाक्याकडे पळाली. चिखलात तिची एक चप्पल राहिली. ती घ्यायलाही ती मागे फिरली नाही.

"बघत काय उभ्या?" हिरीबाय ओरडली. "अजून दीड खाचर पडलंय. राब कुजवायचाय का? इरली ठेवा."

बायांनी इरली बांधावर ओळीने ठेवली. हिरीबाय काठी टोचत निघाली. एक, दोन, तीन. लाल दोऱ्याच्या इरल्यापाशी ती आली. कडेला अजून सोमवारचा चिखल वाळून राहिला होता. तिने काठी दुसऱ्या हातात घेतली, कमरेवर हात ठेवून कशीबशी वाकली आणि तो चिखल अंगठ्याने पुसला. मग पुढे मोजत गेली.

"अकरा," तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

खाचरात बाया दहा होत्या.